न हललेल्या फळीचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या उजव्या अंगाला भिंतीवर एक फळी आहे. चार फूट लांब, दोन टोकांना दोन लोखंडी ब्रॅकेट. तिच्यावर डाव्या टोकापासून फूटभर अंतरावर गव्हाचा वीस किलोचा डबा असतो. ही फळी मी गेली अठरा वर्षं पुसते आहे. ती काही करते आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. फळी ती, करणार काय?

गेल्या वर्षी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, कारंज्याहून भोपाळला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आली. राहते हॉस्टेलवर, पण रविवार आमच्याकडे. एका रविवारी मी दोडके चिरत होते आणि ती स्टूल ओढून परीक्षेचं पाठ करत बसली होती. 'व्हर्च्युअल वर्क, व्हर्च्युअल वर्क' असं दोन-तीनदा कानावर आलं म्हणून मी विचारलं, हे काय असतं?

"आभासी कार्य गं मावशी. न झालेलं काम."

मी म्हटलं, "ते तुझे काका रोज करतात. पेपरात डोकं घालून 'आलोच' म्हणतात आणि येत नाहीत."

ती हसली, पण मग पेन्सिल कानामागे खोचून त्या फळीकडे बोट दाखवलं. "सांग बरं, तुझ्या डब्याचं वजन कुठला ब्रॅकेट किती उचलतो?" मी म्हटलं, डावा जास्त, कारण डबा डावीकडे आहे. किती जास्त ते मला काय ठाऊक. मग तिनं जे सांगितलं ते मी इथे माझ्या भाषेत लिहिते. चुकलं असेल तर चूक माझी, तिची नाही, मी आर्ट्‌सची.

उजवा ब्रॅकेट मनातल्या मनात काढून टाकायचा. त्याच्या जागी फक्त त्याचा जोर ठेवायचा, जणू कुणी हातानं ते टोक धरलं आहे. आता, तेही मनातच, ते टोक अगदी थोडं वर उचलायचं. समजा चार सूत. डावं टोक जागेवरच आहे, म्हणजे डाव्या टोकापासून फूटभरावर असलेला डबा एक सूत वर जाईल. जोर आणि हललेलं अंतर यांचा गुणाकार म्हणजे काम. डब्याचं वीस किलो वजन एक सूत वर गेलं, ते झालं वीस. उजवा हात चार सूत वर गेला. फळी मुळात स्थिर आहे, तेव्हा दोन्हीकडचं काम सारखंच भरायला हवं, एकानं दुसऱ्याला खोडायला हवं. म्हणजे उजव्या ब्रॅकेटवर पाच किलो. उरलेले पंधरा डाव्यावर. फळीचं स्वतःचं वजन सोडून.

मी उठून फळीकडे पाहिलं. ती हलली नव्हती.

"पण तू तर काही उचललंच नाहीस," मी म्हटलं.

"तेच तर. उचलायचं नसतं. उचललं असतं तर, एवढंच विचारायचं. आणि तेही इतकं थोडं की फळीची ठेवण बदलू नये. त्याला वेळसुद्धा लागत नाही, घड्याळ थांबलेलं असतं."

त्या दिवशी दोडक्याची भाजी जरा लागली. खोटं खोटं हलवून खरं उत्तर कसं येतं, हे मनातून जाईना. नंतर मी तिचं पुस्तक घेऊन वाचायचा प्रयत्न केला, गणितं सोडून नुसती वाक्यं. योहान बर्नुली नावाच्या स्विस गणितज्ञानं व्हारिन्यों या फ्रेंच पंडिताला पत्र लिहून हा नियम कळवला. पुढे लाग्रांजनं १७८८ मध्ये सगळं यंत्रशास्त्र याच पायावर उभं केलं, आणि त्याच्या त्या जाडजूड ग्रंथात एकही आकृती नाही, असं तो प्रस्तावनेतच अभिमानानं सांगतो. यंत्रांचं पुस्तक आणि चित्र एकही नाही! मला तो माणूस एकदम आवडला. आणखी एक गंमत शब्दकोशात सापडली. 'व्हर्च्युअल' आणि 'व्हर्च्यू', आभासी आणि सद्गुण, हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेले. आत असलेलं बळ, असा त्या मुळाचा अर्थ. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हिला आता या वयात ब्रॅकेटचं काय पडलंय? सांगते. पण आधी भोजपूरला जाऊन येऊ.

भोपाळपासून भोजपूर जेमतेम तीस किलोमीटर. बेतवा नदीच्या काठी परमार राजा भोजाचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर, जे पुरं झालंच नाही. आमच्या लोकांची तिथं जायची ओढ वेगळी: जवळच दिगंबर जैन मंदिरात भगवान शांतिनाथांची वीस फुटांच्या वर उंच, एकाच दगडातली उभी मूर्ती आहे. आमचं महिला मंडळ वर्षातून एकदा तिथं जातं. यंदा भाचीला बरोबर घेतलं. दर्शन झालं, आणि मग ती मला ओढत शिवमंदिराकडे घेऊन गेली. तिला देव बघायचा नव्हता, उतार बघायचा होता.

देवळाच्या मागच्या बाजूला मातीचा लांब उतार अजून शिल्लक आहे. प्रचंड शिळा त्यावरून वर ओढत नेत. देवळं पूर्ण झाली की असे उतार काढून टाकतात. इथं काम थांबलं म्हणून उतार राहिला. हजार वर्षं. "जितका लांबून चढ घेशील, तितकं कमी ओढावं लागतं. फुकट काही मिळत नाही, जोर वाचला की अंतर वाढतं," भाची म्हणाली. आणि आजूबाजूच्या सपाट खडकांवर रेघा कोरलेल्या आहेत: खांब, शिखर, तळाचे नकाशे, कधीही न बांधल्या गेलेल्या भागांचे. मी आजवर कितीदा तिथं डबे सोडून पुऱ्या खाल्ल्या असतील! त्या रेघा मला दिसल्या नव्हत्या.

आतले चार खांब पाहून मान दुखते. देवळातला एक खांब नवा आहे. २००६-०७ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यानं के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली तो बसवला. दगड आग्र्याजवळून आणला. एकाच दगडातला साधारण बारा टनांचा खांब. तो आला, आणि उभा करायला लांब हाताची क्रेन काही मिळेना. शेवटी कप्प्या आणि तरफा यांची एक जुळणी बसवली, आणि ती सुचून बसवेपर्यंत सहा महिने गेले म्हणतात. ते सहा महिने खांब तसाच. दगड इंचभर वर जायचा तर हातातली दोरी किती इंच ओढावी लागेल? बारा पदरी दोरी असेल, तर बारा इंच; आणि मग बारा टनांना एक टन पुरेल, घर्षण सोडून. हा सगळा हिशेब दगड आडवा असतानाच करायचा. हलवून बघू, जमलं तर जमलं, असं बारा टनांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

मी तिला विचारलं, ज्या गोष्टी हलूच देत नाहीत त्यांचं काय? भिंत, खिळा, खाच? तिनं सांगितलं ते मी परत येताना गाडीत वहीवर लिहून घेतलं. त्यांना बंधनं म्हणतात. गुळगुळीत बंधन वस्तूला धरून ठेवतं, पण काम काहीच करत नाही. ज्या दिशेला भिंत जाऊच देत नाही, त्या दिशेला हलण्याची कल्पनाही हिशेबात येत नाही. म्हणून भिंतीचा जोर बेरजेत दिसत नाही. आणि भिंत किती जोरानं धरते आहे हेच कळायला हवं असेल तर? मग तीच मनातून काढायची. माझ्या उजव्या ब्रॅकेटसारखी.

आता माझी गोष्ट.

माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. साडेतीन वर्षं त्या अंथरुणाला होत्या. ह्यांची भेलमधली नोकरी तेव्हा चालू होती, मुलगा बाहेरगावी. बाई ठेवली होती दिवसाची, पण रात्र माझी. दर अडीच तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी मोबाइलवर गजर लावत असे. नंतर नंतर गजराआधीच जाग यायची.

डिसेंबरातली एक रात्र होती. तीनचा सुमार. मी उठून त्यांच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले, कारण श्वासाचा आवाज येत नव्हता. असं मधूनमधून व्हायचं, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. पुढे गेले नाही, हात लावला नाही, ह्यांना हाक मारली नाही. मोजत राहिले. सात, आठ. आणि त्या मोजण्याच्या आत मी सकाळ पाहिली. कुणाकुणाला फोन करायचे. खोलीतला तो लोखंडी पलंग परत करायचा. खिडकी उघडायची. फिनाइलचा वास जाईल. खिडकीशी एक टेबल ठेवायचं, लिहायला. आठ दिवस कारंज्याला जाऊन नुसतं झोपायचं. नऊ, दहा, अकरा.

मग त्यांनी मोठ्या आवाजानं श्वास ओढला.

आणि मला वाईट वाटलं. नीट वाचा. श्वास परत आला, म्हणून वाईट वाटलं.

मी पुढे झाले, त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, चादर चाचपली, ओली होती, बदलली. पंधरा मिनिटं लागली असतील. त्यानंतर त्या सात महिने जगल्या. उठावण्याच्या दिवशी समाजातल्या बायका माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, अशी सून मिळायला पुण्य लागतं. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

लहानपणी कारंज्याच्या पाठशाळेत आम्हाला तंदुल मत्स्याची गोष्ट सांगत. तुम्हीही ऐकली असेल. समुद्रात एक अवाढव्य मासा आ वासून झोपलेला. त्याच्या तोंडात लाटेबरोबर हजारो मासे येतात आणि लाटेबरोबर बाहेर जातात. त्याच्या कानाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा बसलेला असतो. तो हे बघून मनात म्हणतो, हा किती मूर्ख! मी याच्या जागी असतो तर एकालाही जाऊ दिलं नसतं. एवढंच. त्यानं एक मासा खाल्ला नाही. खाण्याएवढं त्याचं तोंडच नाही. आणि तो मेल्यावर जातो सातव्या नरकात. कुंदकुंदाचार्यांच्या भावपाहुडातही या माशाचा उल्लेख आहे, शालिसिक्थ या नावानं.

मला ही गोष्ट कधी पटली नाही. बिचाऱ्यानं केलं काय? पाठशाळेत मी हे विचारलं तेव्हा मला 'भाव, भाव' असं उत्तर मिळालं, आणि पुढची गोष्ट सुरू झाली. ती यशोधर राजाची होती. त्याला आईच्या आग्रहासाठी देवीपुढे कोंबड्याचा बळी द्यायचा होता, पण जिवंत कोंबडा मारायचा नव्हता, म्हणून त्यानं पिठाचा कोंबडा करून कापला, आणि त्यापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुपक्ष्यांचे घ्यावे लागले. पुष्पदंतानं दहाव्या शतकात अपभ्रंशात लिहिलेलं हे यशोधराचं चरित्र १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादित करून आमच्या कारंज्याच्याच ग्रंथमालेत छापलं गेलं. गावात त्याचा अभिमान आहे. त्यामुळेच की काय, आमच्या घरी मुलांना हत्ती-घोड्यांच्या आकाराची बिस्किटं मिळत नसत, आणि आजही वाढदिवसाला फुलपाखराचा केक कुणी आणला तर मी सुरी दुसऱ्याच्या हाती देते. लोक हसतात. हसू देत.

पण पिठाचा कोंबडा निदान कापला तरी होता. मासा तर हललाच नव्हता. आणि मी?

त्या रात्रीचं मी कुणालाही बोलले नाही. सामायिकाला बसलं की आलोचनेत सगळं यायचं, पाण्यातले जीव, चालताना चिरडलेली मुंगी, तोंडून गेलेला कठोर शब्द. अकरा आकडे यायचे नाहीत. ते कुठल्या खात्यात मांडायचे, हेच कळत नव्हतं. केलं तर मी काहीच नव्हतं. उलट, उशी लावली होती.

फळीच्या हिशेबानं मला पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. स्थिर दिसणारी वस्तू म्हणजे जिच्यावर काही जोर नाही अशी वस्तू नव्हे. तिच्यावर जोर असतातच, एकमेकांना तोलत असतात, म्हणून ती जागेवर असते. आणि ती जागेवर आहे तोवर ते दिसत नाहीत. दाण्याएवढं हलवून बघावं, मनात का होईना, तेव्हाच कोण कुठे खेचतं आहे ते कळतं. माझी साडेतीन वर्षं बाहेरून शांत दिसत होती. समाजानं तिला सेवा म्हटलं. आत एक जोर म्हणत होता, सुटू दे. दुसरा म्हणत होता, आज दोन चमचे पेज जास्त गेली, बरं झालं. दोन्ही खरे होते. दुसरा खरा म्हणून पहिला खोटा ठरत नाही, आणि हे उलटंही तितकंच खरं, जे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःला फक्त पहिल्या जोरावरून ओळखत होते.

मग मी आणखी एक केलं. एकेक आधार काढून बघितला. भाचीच्या पद्धतीनं.

आधी 'लोक' काढले. समजा शेजारी नाहीत, मंडळ नाही, उठावणं नाही, अशी सून तशी सून म्हणणारं कुणी नाही. तरी मी चादर बदलली असती का? बदलली असती. रात्री तीन वाजता तसंही कोण बघत होतं? मग ह्यांना काढलं. इथं मला थांबावं लागलं. माझे हात सासूबाईंसाठी किती चालत होते आणि सकाळी ह्यांनी आईच्या खोलीतून बाहेर येताना माझ्याकडे बघावं यासाठी किती, हे वेगळं करता आलं नाही. पंधरा आणि पाच असं नेमकं उत्तर आलं नाही. मग कर्माची भीती काढली, नरक काढला, तो मासाही काढला. आणि खरं सांगायचं तर उत्तर द्यायचा धीर झाला नाही. मी वही मिटली आणि कुकर लावला.

आपल्या बायकांचं कितीसं चांगलं वागणं हे भिंतींनी धरलेलं आहे, हा विचार त्या दिवसापासून छळतो. भिंत धरते, पण भिंतीनं धरलेल्याचा हिशेब आपल्या खात्यावर कसा मांडायचा? ज्या घरात सुनेला दुसरं काही करण्याची सोयच नव्हती, तिथं ती राहिली याचं पुण्य तिला द्यायचं की भिंतीला? मी भिंती पाडा म्हणत नाही. फळी ब्रॅकेटवरच उभी असते. पण ब्रॅकेटला फळीचा सद्गुण म्हणू नये.

एके ठिकाणी मात्र ही उपमा मोडते, आणि ते लपवणं लबाडी होईल. इंजिनिअर मनात फळी हलवतो, तेव्हा फळीला काही होत नाही. हजारदा हलवा, लाकडावर ओरखडा उठत नाही. कारण हलवणारा वेगळा आणि फळी वेगळी. माणसाच्या मनात दोघं एकच. तिथं मनात केलेलं हलणं मनावरच उमटतं. आपल्याकडे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असे दोन वेगळे शब्द आहेत ते याचसाठी. अमृतचंद्राचार्य तर पुरुषार्थसिद्ध्युपायात स्पष्ट सांगतात की रागादी भाव उपजले की हिंसा झालीच, समोरचा जीव मरो वा न मरो. आणि सावधपणे वागणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी ती हिंसा नव्हे. मोजमापच वेगळं. मग माझे अकरा आकडे? ते तर उमटलेच असणार.

यावर मी बरेच दिवस अडकले होते. आमच्या स्वाध्यायात हा प्रश्न मी नाव न घेता विचारला: रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईच्या मनात असा विचार आला तर? एक ताई तत्काळ म्हणाल्या, तंदुल मत्स्य आठवा. तीन-चार जणींचे चेहरे खाली गेले. मला ते चेहरे दिसले. घरात म्हातारी माणसं आहेत त्यांच्या. तेव्हा मला फार राग आला, गोष्टीचा नाही, ती अशी वापरण्याचा.

घरी येऊन मी तो मासा पुन्हा आठवला. त्यानं एकदाच विचार केला असं गोष्टीत नाही. तो तिथंच, त्या कानाशी राहतो. जबडा उघडतो, मिटतो; दर लाटेला तो तेच म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याला तेच हवं असतं. तो त्या इच्छेवर जगतो, दुसरा आहारच नाही. ते हलून बघणं नव्हे, ते तिथंच बस्तान बांधणं. मनात आलेलं आणि मनात पाळलेलं यांत फरक आहे, आणि तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी ठेवला आहे तो उगाच नाही, असं मला वाटतं. जाणकार बायांनी मी चुकते आहे असं वाटलं तर जरूर सांगावं.

भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. वाटीत गोटी ठेवा. ती तळाशी थांबते. वाटी पालथी करून तिच्या माथ्यावर अलगद गोटी ठेवा. जमलं तर तीही थांबते. दाण्याएवढ्या हलण्याचा हिशेब दोन्हीकडे शून्यच येतो. दोन्ही स्थिर. फरक पुढच्या पायरीला कळतो: जरा जास्त हलवलं तर एक परत तळाशी येते, दुसरी घरंगळून ओट्याखाली जाते. त्या रात्री मी हलले आणि परत आले, कुशीवर वळवण्याकडे, उशीकडे. मला त्याचा आधार वाटतो. पण रोज मी वाटीच्या तळाशीच होते, असं म्हणवत नाही. एखाद्या दिवशी, मुलाचा फोन नाही, बाई आली नाही, पाठ भरून आलेली, तेव्हा मी पालथ्या वाटीवर होते. त्या दिवशी कुणी जरासा धक्का दिला नाही, एवढंच.

म्हणूनच भोजपूरच्या शांतिनाथांपुढे यंदा मी जास्त वेळ उभी राहिले. कायोत्सर्गातली ती उंच मूर्ती, हात सैल सोडलेले. लहानपणापासून मला ती शांत वाटत आली आहे, आणि मी समजत होते की माझी शांतता तिच्याच जातीची, फक्त लहान. तशी ती नाही. माझं शून्य बेरजेचं आहे, अधिक आणि उणे मिळून आलेलं. तिथं बेरीज करायला आकडेच नाहीत. वीतराग हा शब्द मी हजारदा उच्चारला असेन. त्याचा अर्थ मला एका वजाबाकीतून लागला, याची थोडी लाजही वाटली. भाची मागून म्हणाली, "मावशी, बस निघतेय."

सासूबाई असताना दर क्षमावाणीला मी त्यांच्या पलंगाशी बसून हात जोडत असे. त्या डावा हात थोडा उचलत. त्या डिसेंबरनंतरची क्षमावाणी यायच्या आधीच त्या गेल्या. म्हणजे ज्यांची क्षमा मागायची त्यांना सांगायचं राहिलंच. हा लेख मी लिहिते आहे तो त्यांच्याच खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या टेबलावर. त्या रात्री नवव्या की दहाव्या आकड्याला पाहिलेलं तेच टेबल.

यंदाच्या क्षमावाणीला देवळातून आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. दार, मोजणं, टेबल, अकरा, आणि श्वास आल्यावर वाटलेलं वाईट. हे तेव्हा हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे, आईच्या दाराकडे डोकं करून. माझं बोलणं संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अकरा नव्हे," म्हणाले. "चौदा."

मग उठले आणि फळीवरचा गव्हाचा डबा खाली काढला. दळण न्यायचं होतं.